दवा, दुआ आणि दावा

रमजानचा चाँद दिसायच्या पंधरा दिवस आधीपासून माझ्या घरी लोकांची ये-जा वाढते. कारण साधे आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अर्ज लिहून घ्यावा तर सरांकडूनच, असा मोहल्ल्याचा समज आहे. जकात कमिटीचा अर्ज उर्दूत, एखाद्या ट्रस्टचा मराठीत. "सर, जरा अर्ज लिख के देव ना," म्हणत कुणी भाभी दारात उभ्या राहतात, हातात रेशनकार्डाची झेरॉक्स आणि एक प्लास्टिकची पिशवी.

पूर्वी हे अर्ज मुलीच्या लग्नासाठी असत. गळके पत्रे बदलायचे, पोराची कॉलेजची फी भरायची, एखाद्या विधवेला शिलाई मशीन हवे असायचे. गेल्या काही वर्षांत अर्जांचा विषय बदलला आहे. आता निम्म्याहून अधिक अर्जांत एकच मागणी असते : औषधाला पैसे द्या. मोठे ऑपरेशन नाही, कॅन्सर नाही. बीपीची गोळी, शुगरची गोळी, दम्याचा पंप, फिटची गोळी. दर महिन्याला लागणारे, मरेपर्यंत लागणारे साधे औषध. त्या प्लास्टिकच्या पिशवीत रिकाम्या स्ट्रिप असतात आणि मेडिकलची बिले असतात. मी अर्ज लिहितो. शेवटी "अल्लाह आपणांस याचा अज्र देवो" असे लिहितो आणि सही करायची जागा दाखवतो.

या वर्षी मला त्या शेवटच्या ओळीची लाज वाटली. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमच्या वेशीजवळ गाडीवर हमाली करणारे एक चाचा होते. नातू माझ्या वर्गात. चाचांना बीपी होते आणि शुगरही. डॉक्टरांनी चार गोळ्या लिहून दिल्या होत्या. एकदा शाळेच्या फाटकापाशी भेटले तेव्हा मी विचारले, गोळ्या वेळेवर घेता ना? ते हसून म्हणाले, "एक दिन छोड के खाया तो दो महिने चलती हैं, सर." मला वाटले, गंमत करताहेत. ती गंमत नव्हती, तो हिशेब होता. महिन्याच्या औषधाचे त्यांनी दोन महिन्यांचे औषध केले होते. त्या थंडीत एका पहाटे त्यांच्या अंगाची उजवी बाजू गेली. मेंदूत रक्तस्राव. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, अकरा दिवस ठेवले, मग घरी आणले. आज ते खाटेवर आहेत. बोलता येत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांची पोती उचलली, त्याला आता कूस बदलायला दोन माणसे लागतात.

गोळ्या रोज घेतल्या असत्या तर हे झालेच नसते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. पण बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायची नसते, एवढे मलाही कळते आणि चाचांनाही कळत होते. त्यांचे अज्ञान नव्हते. त्यांच्याकडे पैसे नव्हते.

लोक म्हणतात, महागाई आहे, सगळेच महागले. तेल महागले, डाळ महागली, औषधही महागले. हे वाक्य ऐकायला बरोबर वाटते, पण औषधाला ते लागू पडत नाही. तेल महागले तर आपण कमी वापरतो. तूरडाळ महागली तर मसूर आणतो. औषधात तसे करता येत नाही. शिवाय औषधाची निवड आपण करतच नाही. घेणारा एक, ठरवणारा दुसरा आणि फायदा तिसऱ्याचा, असा हा एकच बाजार आहे. तुमच्या हातात चिठ्ठी पडते. तिच्यावर जे लिहिले ते आणायचे. ती चिठ्ठी म्हणजे यादी नव्हे, हुकूम आहे. आणि ज्या बाजारात गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, तिथे भावाला लगाम कुणीतरी बाहेरून घालावा लागतो. तो लगाम घालणे हे सरकारचे काम. ते कसे चालले आहे ते पाहू.

आपल्या देशात औषधांच्या किमतीवर नियंत्रण ठेवण्याचा कायदेशीर आदेश आहे. आजचा आदेश २०१३ चा. तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली निघतो आणि राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण त्याची अंमलबजावणी करते. आवश्यक औषधांची एक राष्ट्रीय यादी आहे, २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. या यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरवून दिलेली असते. इथपर्यंत ऐकून कुणालाही बरे वाटेल. पण ती कमाल किंमत ठरते कशी, ते पाहा.

१९९५ च्या जुन्या आदेशात औषध बनवायला खर्च किती येतो ते पाहून किंमत ठरत असे. २०१३ पासून ती पद्धत गेली. आता बाजारात ज्या कंपन्यांचा एक टक्का किंवा त्याहून जास्त वाटा आहे, त्यांच्या भावांची सरासरी काढतात, तिच्यावर दुकानदाराचे १६ टक्के घालतात आणि ती कमाल किंमत म्हणून जाहीर करतात. म्हणजे कांद्याचा जास्तीत जास्त भाव ठरवायचा आहे आणि तो ठरवण्यासाठी अधिकारी मंडईत जाऊन मोठमोठ्या गाळेवाल्यांच्या पाट्या वाचून सरासरी काढतो. शेतकऱ्याला काय मिळाले, वाहतुकीला काय लागले, ते कुणी विचारायचे नाही. समजा, एक गोळी बनवायला पंचवीस पैसे लागतात आणि मोठ्या कंपन्या ती तीन, चार, पाच रुपयांना दुकानदाराला देतात. तर "नियंत्रित" भाव निघेल चार रुपये चौसष्ट पैसे. हे नियंत्रण की भावावर मारलेला सरकारी शिक्का?

आता वाढीचा भाग. या यादीतल्या औषधांचा कमाल भाव दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढवायची मुभा आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती वाढ १०.७७ टक्के होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये १२.१२ टक्के. सातवीच्या मुलांना मी गणित शिकवत नाही, पण एवढे येते : शंभराचे एकशे दहा रुपये सत्याहत्तर पैसे, आणि त्याचे पुन्हा एकशे चोवीस. दोन वर्षांत जवळजवळ पाव हिस्सा वाढ. खरे सांगायचे तर नंतरची वाढ किरकोळ होती. २०२४ मध्ये नावापुरती, २०२५ मध्ये १.७४ टक्के. पण भाव एकदा वर चढला की त्या उंचीवरून पुढची मोजणी सुरू होते. तो सहजासहजी खाली येत नाही. आणि त्या दोन वर्षांत आमच्या चाचांची हमाली पाव हिश्शाने वाढली होती का? गोदामवाल्याला कुठला निर्देशांक लागू नव्हता.

हे झाले यादीतल्या औषधांचे. यादीबाहेरच्या औषधांना तर कमाल किंमतच नाही. तिथे नियम एवढाच की बारा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वाढ करायची नाही. दहा टक्के ऐकायला लहान वाटतात. दरवर्षी दहा टक्के लावा. पाच वर्षांत शंभराचे एकशे एकसष्ट होतात, सात वर्षांत जवळपास दुप्पट. आणि पहिला भाव किती असावा, यावर तर कुणाचेच बंधन नाही. देशातल्या औषधबाजाराचा मोठा भाग या यादीबाहेरचा आहे.

मग यादीत असलेले औषध यादीबाहेर कसे न्यायचे? त्यालाही वाट आहे. यादीत औषधाचे नाव असते, तसे त्याचे मिलिग्रॅम आणि स्वरूपही असते. त्यात दुसरे एखादे औषध मिसळून संयुक्त गोळी काढली आणि ती जोडी यादीत नसली, तर ती यादीबाहेर. अशा मिश्रणांचे आपल्याकडे पीक आले आहे. मार्च २०१६ मध्ये सरकारने एका फटक्यात ३४४ मिश्रण औषधांवर बंदी घातली होती, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ वर. ज्या गोळीला वैद्यकीय अर्थच नाही म्हणून सरकार बंदी घालते, ती गोळी तोपर्यंत किती वर्षे किती माणसांनी पैसे मोजून गिळली असेल, याचा हिशेब कुणी केला?

ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत एकदम ५० टक्के वाढवली. त्यात दम्याची साल्ब्युटामॉल, क्षयाचे स्ट्रेप्टोमायसीन, काचबिंदूचे थेंब, मानसिक आजारावरचे लिथियम आणि थॅलेसेमियाच्या मुलांना लागणारे इंजेक्शन होते. कारण दिले की कच्चा माल महागला, या भावात बनवणे परवडत नाही, कंपन्या उत्पादन बंद करतील. हे कारण खोटे होते असे मी म्हणत नाही. औषधांचा बराच कच्चा माल चीनमधून येतो आणि त्याचा भाव आपल्या हातात नाही. स्वस्त औषध बाजारातून गायबच झाले तर गरिबाचे आणखी हाल, हेही खरे. माझा प्रश्न वेगळा आहे. खर्च वाढला म्हणून भाव वाढवताना उत्पादनखर्च आठवतो, मग भाव ठरवताना तो का आठवत नाही? चढताना खर्चाची शिडी आणि उतरायची वेळ आली की बाजाराची सरासरी, हा कुठला न्याय?

आता डॉक्टरांकडे येतो. माझे दोन विद्यार्थी डॉक्टर झाले आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. ते हा लेख वाचतील आणि रागावतील. रागवा, पण उत्तर द्या. चिठ्ठीवर औषधाचे नाव का नसते, ब्रँडचे का असते? वैद्यकीय परिषदेच्या २०१६ च्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटले होते की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हीच गोष्ट आणखी कडक केली. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तीन आठवड्यांत ते नियम स्थगित झाले. तीन आठवडे! आमच्या शाळेच्या गळक्या छताचा प्रस्ताव तीन वर्षे हलत नाही.

डॉक्टरांचा मुद्दा असा की जेनेरिकच्या दर्जाची खात्री नाही, उद्या पेशंटला काही झाले तर जबाबदार कोण? मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले होते, लेंटिन आयोगाने त्यावर लिहिलेला अहवाल महाराष्ट्र विसरून गेला. दर्जा न तपासता घेतलेले औषध म्हणजे विष, हे आपण किंमत मोजून शिकलो आहोत. पण २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या ज्या सिरपने वीसहून अधिक लेकरे गेली, त्या बाटलीवर ब्रँडचे नाव होतेच ना? डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही होते. नावाने दर्जा येत नाही. दर्जा येतो कारखान्यात जाणाऱ्या निरीक्षकामुळे आणि प्रयोगशाळेमुळे. ते सरकारने वाढवावेत, यासाठी डॉक्टरांनी रस्त्यावर यावे, मी त्यांच्या मागे उभा राहीन. पण दर्जाची काळजी दाखवून ब्रँडची दुकानदारी चालू ठेवायची, हे पटत नाही. शिवाय आपल्याकडे "ब्रँडेड" म्हणून जे विकले जाते त्यातले बहुतेक पेटंट कधीच संपलेले जुने औषध आहे. शुगरवरचे मेटफॉर्मिन १९५७ पासून वापरात आहे. त्याच्यावर आता कुठल्या संशोधनाचा खर्च वसूल व्हायचा राहिला आहे?

ब्रँड लिहिण्यामागे आणखी काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दवाखान्याच्या बाकावर आपण तासभर बसतो आणि टाय लावलेला एमआर थेट आत जातो, हे दृश्य कुणी पाहिलेले नाही? फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितले की डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपन्यांना करातून वजा करता येणार नाही. हा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत मिसळतो आणि रुग्ण तो भरतो, असेही न्यायालयाने नोंदवले. मार्च २०२४ मध्ये सरकारने विपणनाची नवी संहिता काढली. भेटवस्तू नको, सहली नको. छान. पण तक्रार आधी ऐकणार कोण? कंपन्यांच्याच संघटनेची समिती. वर्गात कॉपी पकडायची जबाबदारी कॉपी करणाऱ्या पोरांच्या मॉनिटरवर सोपवण्यासारखे झाले.

आणि रुग्णालयातले मेडिकल? प्राधिकरणानेच २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १७०० टक्क्यांहून अधिक नफा घेतल्याचे निघाले. गंमत म्हणजे त्यात एमआरपीचे उल्लंघन करायची गरजच पडली नव्हती. एमआरपीच तेवढी छापून घेतलेली. ज्या एमआरपीला आपण गिऱ्हाइकाचे संरक्षण समजतो, तिचे हे रूप.

कुणी म्हणेल, गुरुजी, हे असेच चालायचे, गरिबाने काय करायचे? मला हे "असेच चालायचे" मान्य नाही, कारण आपल्याच देशाने ते मोडून दाखवले आहे. १९५४ साली आपल्या पिंपरीत सरकारने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना काढला, कारण पेनिसिलिन परदेशातून आणणे परवडत नव्हते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरची मक्तेदारी नाकारली. बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळेल, औषधाचे नाही. त्या एका कायद्यावर भारतीय औषध उद्योग उभा राहिला. मुंबईत १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सिप्ला सुरू केली होती. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद यांनी एड्सची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. त्याच उपचाराला पाश्चात्त्य कंपन्या तेव्हा दहा हजार डॉलर आणि त्याहून जास्त घेत होत्या. त्या एका प्रस्तावाने आफ्रिकेतल्या गरीब रुग्णांपर्यंत हे उपचार पोहोचण्याची वाट खुली झाली. आपण हमीदसाहेबांचे नाव "आपला माणूस" म्हणून अभिमानाने घेतो. त्यांचा धडा मात्र घेत नाही. धडा असा की औषधाची किंमत आकाशातून पडत नाही. ती माणसे ठरवतात, म्हणून माणसे ती बदलू शकतात.

२०१२ मध्ये पुन्हा ते दिसले. मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरचे एक औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकले जात होते. पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना दिला आणि भारतीय कंपनीला ते जास्तीत जास्त ८,८८० रुपयांत विकायला लावले. त्यानंतर आजवर असा दुसरा परवाना दिलेला नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटला कमाल किंमत लावली. लाखाच्या वर जाणारा औषधी लेप असलेला स्टेंट तीस हजारांच्या आत आला. स्टेंट बनवणे त्या रात्रीत स्वस्त झाले नव्हते. फक्त एक सही झाली होती. तमिळनाडूने १९९५ पासून सरकारी महामंडळामार्फत एकत्र खरेदी करून सरकारी दवाखान्यांत औषधे पुरवली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालवली. राजस्थान आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही.

आणि महाराष्ट्र? १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. निर्णय चांगला आहे, मी त्याचे स्वागतच करतो. पण केसपेपर मोफत आणि गोळी "बाहेरून आणा", असे झाले तर मोफत काय मिळाले? मी स्वतः अम्मीला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर भले होते, नीट तपासले. पाचपैकी दोन गोळ्या मिळाल्या, तीन बाहेरच्या. औषध देणारा म्हणाला, "स्टॉक नाही सर, आम्ही काय करणार?" त्याच्यावर मी चिडलो नाही. तो आमच्यासारखाच, वरून जे येईल ते वाटणारा.

पाच लाखांचा विमा आहे ना, असेही ऐकवले जाते. महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान आहे. बरोबर. पण त्या मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. चाचांना लकवा झाल्यावर योजना उपयोगी पडली. लकवा होऊ नये म्हणून लागणारी गोळी कुठल्याच योजनेत नव्हती. आग लागल्यावर बंब फुकट, विहिरीचे पाणी मात्र विकत! सरकारी हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग कुटुंबांनी थेट खिशातून भरला. पूर्वी हे प्रमाण याहून बरेच जास्त होते, ते खाली आले हे मान्य. पण शंभरातले एकोणचाळीस अजूनही खिशातूनच जात असतील, तर ज्याच्या खिशात काही नाही त्याने काय करावे? त्याने गोळी एक दिवसाआड घ्यावी?

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. वर्गात फळ्यावर मी कधीकधी तीन शब्द लिहितो : दवा, दुआ, दावा. ऐकायला तिघे भाऊ वाटतात. पण उर्दू लिपीत लिहिले की कळते, दुआ आणि दावा यांत "ऐन" आहे, दवामध्ये नाही. दुआ आणि दावा एकाच अरबी धातूतून आले आहेत, अर्थ आहे हाक मारणे. वर मारलेली हाक ती दुआ. इथे, माणसांच्या दरबारात, हक्कासाठी मारलेली हाक तो दावा. आपण दवेसाठी दुआ पुष्कळ केली. दावा केलाच नाही.

जकात कमिटीवर माझा राग नाही. त्यातले तरुण रात्र रात्र जागून याद्या करतात, अर्ज तपासतात, घरोघर जातात. पण जरा हिशेब करा. मोहल्ल्यातल्या पानवाल्याने, भंगारवाल्याने, आखातात राबणाऱ्या पोराने जकात दिली. ती कमिटीकडे आली. कमिटीने चाचांचे मेडिकलचे बिल भरले. बिलात गोळी बनवण्याचा खर्च किती होता? थोडासा. बाकी मधल्या साखळीचा नफा, एमआरची गाडी, चकचकीत पुस्तिका, कुणाची सहल. म्हणजे गरिबाच्या नावाने काढलेली आपली जकात शेवटी पोहोचली कुठे? जकात कुणाला द्यावी याचे नियम आपण मदरशात पाठ केले. त्या यादीत औषध कंपन्यांचा नफा नव्हता.

म्हणून जकात बंद करा असे मी म्हणत नाही. आज ज्याची गोळी संपली आहे त्याला आज गोळी हवी. पण खैरातीने आजचा दिवस निघतो, नियम बदलत नाहीत. आणि हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यापुरता नाही. त्याच मेडिकलच्या काउंटरवर माझ्या पुढे शेतमजूर आजी उभी असते, मागे रिक्षावाला. तिघांच्या जाती-धर्माच्या तीन तऱ्हा, चिठ्ठी एकच. एवढा साधा एकोपा आपल्याला दुसऱ्या कुठल्या रांगेत सापडणार आहे?

स्वतःचीही चूक कबूल करू. महाग ते गुणाचे, ही आपली समजूत. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी आणली की घरातलेच म्हणतात, "इसमें पावर नहीं." देशात आता पंधरा हजारांहून अधिक जनऔषधी केंद्रे आहेत, पण चिठ्ठीवर ब्रँड असेल तर तिथला माणूस तरी काय देणार आणि आपण तरी काय मागणार? मूळ नावच आपल्याला माहीत नसते. आपण सुशिक्षित मंडळी तरी कुठे विचारतो? डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही आणि घरी येऊन सरकारला शिव्या देतो.

तर मागण्या काय? चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेच पाहिजे, स्थगित नियम परत आणा. आवश्यक औषधांची किंमत उत्पादनखर्चावरून ठरवा, आणि त्यांची सगळी मिश्रणे व सगळे मिलिग्रॅम नियंत्रणाखाली घ्या. बीपी, शुगर, दमा, फिट, मानसिक आजार यांची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मोफत मिळाली पाहिजेत, आणि कोणते औषध शिल्लक आहे याचा फलक दारावर लागला पाहिजे. स्वस्त औषध स्वस्त आणि खरे असावे म्हणून औषध निरीक्षकांची पदे भरा, प्रयोगशाळा वाढवा.

आणि आपण काय करू शकतो? डॉक्टरांना अदबीने सांगा, "साहेब, मूळ नावही लिहा." दुकानात किंमत यादी लावणे बंधनकारक आहे, ती मागा. "फार्मा सही दाम" नावाचे सरकारी ॲप आहे, त्यात कमाल किंमत दिसते. जास्त घेतले तर प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. तुमच्या बिलात तो उतरला का, पाहा. दवाखान्यात औषध नसेल तर "का नाही" हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारा. लेखी विचारले की उत्तरही लेखी द्यावे लागते.

या रमजानमध्ये मी एक ठरवले आणि ते पाळले. जो कुणी औषधासाठी जकातीचा अर्ज लिहून घ्यायला आला, त्याला मी दोन अर्ज लिहून दिले. पहिला कमिटीला, नेहमीचा. दुसरा सरकारी दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, मराठीत : अमुक औषध आपल्याकडे का उपलब्ध नाही, मागणी कधी नोंदवली, कधी मिळेल, कृपया लेखी कळवावे. या दुसऱ्या अर्जाच्या शेवटी मी अज्राची दुआ लिहिली नाही. "पोच द्यावी" एवढेच लिहिले.

पहिला दुसरा अर्ज चाचांच्या नातवाने नेऊन दिला. आवक शिक्क्याची प्रत त्याने दप्तरात जपून ठेवली आहे. उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या महिन्यात तो स्मरणपत्र नेणार आहे, आणि ते त्यानेच लिहायचे असे आमचे ठरले आहे. शुद्धलेखन मी तपासेन.